हळदीच्या दिवशीचं गाणं

माझी मोठीमाय, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, जात्यावर बसली की गल्लीतल्या बाया हातातलं काम टाकून आमच्या अंगणात येत. तेव्हा गावात पिठाची गिरणी येऊन कितीतरी वर्षं झाली होती. जातं फक्त लग्नाची हळद दळायला किंवा घरची डाळ भरडायला निघायचं. पण कुणाच्याही घरी लग्न निघालं की पहिलं बोलावणं मोठीमायला. नवरी कोण, नवरा कुठला, हे नंतर.

तिचा आवाज गोड नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण तिचं गाणं न ऐकलेल्यांना तो गोडच असणार असं वाटतं. तो जाड होता, भरड होता, ज्वारीच्या कण्यांसारखा. ओवीच्या शेवटच्या शब्दाच्या आधी ती थांबायची. जातं फिरत राहायचं, शब्द यायचा नाही. ऐकणाऱ्या बायांचा श्वास अडकायचा. मग ती तो शब्द अगदी हळू, जवळजवळ बोलल्यासारखा टाकायची आणि समोर बसलेल्या पाच-सहा जणी पदर डोळ्याला लावायच्या. मी लहान असताना तिच्या मांडीला टेकून बसायची. तिचं पोट आवाजानं हलायचं ते मला पाठीला जाणवायचं. मी पुढे मराठी शिकले, मेहकरच्या एका कॉलेजात शिकवायला लागले, त्याचं मूळ शोधायला गेलं तर ते तिथंच सापडेल.

तिची गाणी जुनी होती आणि नवीही. आई-आजीकडून आलेल्या ओव्यांत ती आपल्या ओव्या मिसळायची आणि सांधा दिसायचा नाही. बहुतेक गाणी सासरी गेलेल्या लेकीची. लेकीची वाट पाहणाऱ्या आईची. माहेरच्या रस्त्याची. गावातली एकही बाई अशी नसेल जिला त्यात आपलं काही सापडलं नाही.

आणि तिच्याच घरात तिची थोरली सून होती.

वहिनी देऊळगाव राजाच्या पलीकडच्या एका खेड्यातली. आमचं गाव जानेफळच्या जवळ. एकाच जिल्ह्यातली दोन टोकं, पण तिकडची बोली जालन्याच्या अंगानं जाते. वहिनी आली तेव्हा 'मला, तुला' म्हणायची. मोठीमायनं पहिल्या आठवड्यातच तिची नक्कल सुरू केली. बाया बसल्या की ती नाकातून म्हणायची, "मला पाणी द्या हो, मला!" आणि सगळ्या हसायच्या. मीही हसायची. वहिनी दोन महिन्यांत 'मले' म्हणायला शिकली.

हे किरकोळ होतं. पुढचं किरकोळ नव्हतं. वहिनीनं केलेली भाजी मोठीमाय बोटानं चाखायची आणि आवडली नाही तर पाहुण्यांच्या देखत पातेलं उचलून कुत्र्यापुढे ओतायची. साखरेच्या डब्याला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या कमरेला. वहिनी सात महिन्यांची गरोदर असताना वाळवणात खडे राहिले म्हणून तिनं तिला वैशाखाच्या दुपारी सगळा गहू पुन्हा निवडायला अंगणात बसवलं. पहिली मुलगी झाली तेव्हा मोठीमाय पाच दिवस बाळाचं तोंड पाहायला गेली नाही. दुसरी मुलगी झाली तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "आमच्या वावरात पेरलं काय अन् उगोन काय राह्यलं!" वहिनी आत होती. तिला ऐकू जाईल अशाच आवाजात ते बोललेलं होतं.

वहिनीचा नवरा, माझा चुलत भाऊ, मी त्याला दादा म्हणते, भाजीपाल्याचं वावर बघायचा. वांगी, मेथी, कोथिंबीर. तो आईसमोर बोलायचा नाही. मारायचाही नाही. नुसता वावरात निघून जायचा.

लोक म्हणायचे, सासूनं छळलेली बाई सुनेला छळते. आमच्याकडे तसंही नव्हतं. मोठीमायची सासू, म्हणजे माझी आजी, गरीब गाय होती. तिनं आयुष्यात कुणाला वर आवाज करून हाक मारली नाही. मोठीमायच्या वागण्याला कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. मिळालं नाही.

त्याहून वाईट एक गोष्ट मला फार उशिरा कळली. एका दिवाळीत वहिनीचा भाऊ तिला न्यायला आला होता. मी तेव्हा सुट्टीला गावी होते. मोठीमाय म्हणाली, "कापूस येचाचा हाय, नाही जमत." तो बिचारा ओसरीवर बसून राहिला. जाताना त्यानं बहिणीला विचारलं, "बरी आहेस ना?" वहिनी म्हणाली, "मी सुखात आहे. आईला सांग." आणि असं म्हणताना तिनं पदर पुढं ओढून तोंड भिंतीकडे वळवलं. मोठीमाय खाटेवर बसून हे सगळं बघत होती.

दीड महिन्यानं शेजारच्या गल्लीत एक लग्न होतं. तिथं तिनं एक नवी ओवी म्हटली.

"पाखरा, सांग मायले, लेक सुखात हाय,
पंखानं झाक डोये माह्ये, त्यात सारं दिसते, माय."

बाया रडल्या. मीही रडले. मी ती ओवी वहीत उतरवून घेतली आणि खाली लिहिलं, 'अप्रतिम.' ती ओवी कुठून आली हे समजायला मला काही वर्षं लागली. एकदा वही चाळताना ती भिंत आठवली, तो पदर आठवला, आणि माझ्या हातातली वही जड झाली. तोपर्यंत मी स्वतःला समजावत आले होते की मोठीमायला दुसऱ्याचं दुःख दिसतच नाही, बिचारी तशीच आहे. दिसत नव्हतं असं नव्हतं. तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त दिसत होतं. तिनं ते नीट पाहिलं, जपून ठेवलं, गाण्यात आणलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साखरेला कुलूप लावलं.

मी तिला एकदाच विचारलं. ती शेंगा फोडत होती. म्हटलं, "मोठीमाय, एवढं सासुरवाशिणीचं गातं तू, मंग वहिनीले काऊन असं वागवतं?"

ती रागावली नाही. शेंगा फोडत राहिली. म्हणाली, "गानं गान्याच्या जागी, पोरी. घर घराच्या जागी. गान्यानं घर चालते काय?"

मग धाकट्या चुलत बहिणीचं लग्न निघालं. मोठीमायची शेवटची लेक. त्याला आता दहा-अकरा वर्षं झाली. माझ्याकडे तेव्हा नवा मोबाइल होता आणि डोक्यात एकच गोष्ट होती, की मोठीमाय साठीच्या पुढे गेलीय, तिची गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवायची. स्वतःच्या लेकीच्या हळदीला ती काय म्हणेल, हे मला काहीही करून हवं होतं. मी कॉलेजातून चार दिवसांची रजा घेऊन गेले.

हळदीचा दिवस. सकाळी अंगण सारवलेलं, जातं धुऊन त्याला आंब्याचा डहाळा बांधलेला. मी मोठीमायच्या शेजारी सतरंजीवर बसून मोबाइलची चार्जिंग बघत होते. तेवढ्यात तिचा फोन वाजला. साधा, बटणांचा फोन. घरात फोन दोनच, एक दादाकडे, तो मांडवाच्या कामाला बाहेर, आणि एक हिच्याकडे. वहिनीकडे नव्हता.

मोठीमायला कमी ऐकू यायला लागलं होतं, म्हणून ती फोनचा आवाज मोठा ठेवायची. पलीकडचं सगळं मला ऐकू आलं. वहिनीचा भाऊ होता.

"आईचं काही खरं नाही. जालन्याला दवाखान्यात आहे. डॉक्टर म्हणले, माणसं बोलावून घ्या. ती सारखी ताईचं नाव घेती. ताईला लगेच गाडीत बसवून द्या."

मोठीमाय म्हणाली, "बरं बरं. धाडतो." आणि फोन बंद केला. नुसता ठेवला नाही, बटण दाबून धरून पूर्ण बंद केला आणि कमरेच्या पिशवीत टाकला.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं.

"लग्न लागू दे," ती म्हणाली. "मंग सांगू."

"मोठीमाय, तिची माय..."

"थोरली सून हाय ते घरची. हळदीले हात कोन लावन? अन् मधातच काही झालं तं सुतक लागन तिले. माह्या पोरीच्या लग्नात सुतक?" मग तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू काही सांगजो नोको. दोन दिसानं काय होते? मानूस असं लगेच नाही जात."

मी गप्प बसले.

मी तेव्हा काय विचार करत होते, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय. मोठ्या माणसाच्या शब्दाबाहेर कसं जायचं, हा एक विचार होता. लग्नघरात रडारड नको, हाही होता. खरंच दोन दिवसांनी सांगता येईल, असंही वाटलं. पण या सगळ्यांच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती मला तेव्हाही माहीत होती. वहिनी गेली असती तर घरात गोंधळ झाला असता आणि गाणं झालं नसतं. निदान तसं झालं नसतं.

वहिनी हळकुंडांची परात घेऊन आली. जात्यावर दोघी लागतात, समोरासमोर. एका बाजूला मोठीमाय, दुसऱ्या बाजूला थोरली सून. खुंट्यावर चार हात. वहिनीनं नवं हिरवं लुगडं नेसलं होतं, आणि लग्नामुळे का होईना, तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी मोकळेपणा होता. तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "चालू झालं काय ताई, तुमचं मशीन?"

मी म्हटलं, "हो."

मोठीमायनं सुरुवात देवाच्या नावानं केली. दोन-तीन नेहमीच्या ओव्या झाल्या. मग तिनं लेकीकडे पाहिलं. नवरी दाराशी उभी होती. आणि मोठीमायच्या आवाजाला काहीतरी झालं. तो खाली उतरला.

"ऊन उतरलं उंबऱ्यात, माय उठंना दारातून,
लेक येईन येईन म्हने, धूळ उडते वावरातून..."

ती थांबायची, जातं फिरायचं आणि वहिनी शेवटची ओळ मागून उचलायची. तशी रीतच असते, समोरच्या बाईनं झेलायचं. वहिनीचा आवाज बारीक. एरवी ती मोठीमायसोबत दबून म्हणायची. त्या दिवशी ती खुलून म्हणत होती. एका जागी ती आणि मोठीमाय एकाच वेळी एकाच शब्दावर थांबल्या. कुणी ठरवलेलं नव्हतं. आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मोठीमाय स्वतःच्या लेकीसाठी रडत होती. खोटं नव्हतं ते. तिच्या हुंदक्यानं जात्याची लय एकदा चुकली. वहिनी आपल्या आईच्या आठवणीनं रडत होती.

मला सगळं माहीत होतं. माझा हात हलला नाही. मी मोबाइल नीट धरून ठेवला होता.

त्याच दिवशी दिवेलागणीला वहिनीची आई गेली. तिच्या माहेरची माणसं फोन लावत राहिली. दादाच्या फोनची बॅटरी मांडवातल्या गडबडीत उतरली होती, आणि मोठीमायचा फोन बंद होता. दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न लागलं. नवरीची गाडी हलली, मांडवात खुर्च्या एकावर एक चढवत होते, तेव्हा मोठीमायनं फोन सुरू केला. तो लगेच वाजला, तिनं पलीकडचं ऐकून घेतलं आणि वहिनीला हाक मारली. म्हणाली, "तुह्या भावाचा फोन आलता. मायचं जास्त हाय म्हने. निघ."

जास्त आहे, असं सांगितलं. गेली, असं नाही.

वहिनी लग्नाच्याच लुगड्यात निघाली. दादा सोबत होता. पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिला तिसऱ्या दिवशीची राख मिळाली.

भावानं तिला हळदीच्या सकाळी केलेल्या फोनचं सांगितलं. ती दहाव्याला थांबली, तेराव्याला थांबली आणि मग आलीच नाही. आठ महिने दोन्ही मुलींना घेऊन माहेरी राहिली. दादा दोनदा जाऊन रिकामा परत आला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा तिनं एकच अट घातली. चूल वेगळी, दार वेगळं, आणि त्या बाईशी मी बोलणार नाही. दादानं आयुष्यात पहिल्यांदा आईच्या मर्जीविरुद्ध काही केलं. गावाच्या वेशीजवळ दोन खोल्या बांधल्या. वहिनी आली. त्यानंतर मोठीमाय जगली तोवर वहिनी तिच्याशी एक अक्षरही बोलली नाही. पाण्यावर समोरासमोर आल्या तरी नाही.

आणि मी ते गाणं लोकांना ऐकवत सुटले होते.

आधी कॉलेजातल्या सहकाऱ्यांना. मग एकानं मागितलं, त्याला पाठवलं. त्यानं आणखी कुणाला. वर्षभरात ते व्हॉट्सअॅपवर फिरत आमच्याच गावात परत आलं. मेहकरला एका सांस्कृतिक मंडळानं लोकगीतांचा कार्यक्रम ठेवला, त्यात मोठीमायचा सत्कार झाला. शाल, नारळ, टाळ्या. तिची ओळख मी करून दिली. मी माइकवर म्हणाले, "सासुरवाशिणीचं दुःख इतक्या आतून जाणणारी बाई मी दुसरी पाहिली नाही." वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते जास्त सलतं. सभागृहात मागच्या रांगेत दादा बसला होता. त्यानं खाली मान घातली. मी ते पाहिलं आणि पुढचं वाक्य वाचलं.

मोठीमाय दोन वर्षांपूर्वी गेली. चार दिवस ताप आला आणि संपलं. शेवटपर्यंत गात होती. तिच्या तेराव्याला पंचक्रोशीतून बाया आल्या होत्या. कुणीतरी मोबाइल स्पीकरला जोडून तेच गाणं लावलं. वहिनी स्वयंपाकाच्या मांडवात पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं नाही. पण तिनं शेजारच्या बाईला काहीतरी सांगितलं, हात धुतले आणि सरळ घरी निघून गेली.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजनं परिसरातल्या बायांच्या गाण्यांची पुस्तिका काढायचं ठरवलं. संपादन माझ्याकडे. मोठीमायच्या गाण्यांशिवाय ती पुस्तिका होऊच शकत नव्हती. पण हळदीच्या गाण्यात वहिनीचाही आवाज होता, तिच्याही ओळी होत्या. तिला विचारणं भाग होतं. खरं तर विचारायचं कारण मला हवंच होतं.

मी गेले तेव्हा ती दारात मेथीच्या जुड्या बांधत होती. दुसऱ्या दिवशी बाजार होता. मीही शेजारी बसून जुड्या बांधायला लागले. पुस्तिकेचं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "लावा बरं ते गानं. म्या पूर्ण कधी ऐकलंच नाही. सुरू झालं का मी उठून जातो."

मी मोबाइल दोघींच्या मध्ये ठेवला. तिनं मेथी बाजूला सारली आणि गुडघ्याला मिठी मारून बसली. पूर्ण साडेसहा मिनिटं ती हलली नाही. तिचा स्वतःचा बारीक आवाज आला तेव्हा तिच्या ओठांची थोडी हालचाल झाली. संपल्यावर तिनं मेथी पुन्हा पुढ्यात ओढली.

"आवाज होता बाईले," ती म्हणाली. "खोटं काऊन बोलाव."

मग तिनं विचारलं, "ताई, हे किती वाजताचं हाय? फोनमंदी दिसते ना?"

मी बघितलं. "दहा वाजून वीस मिनिटं."

"सकाळचे?"

"हो."

ती मनाशी काहीतरी जुळवत होती. "साडेअकराले मेहकरहून देऊळगाव राजाची एसटी होती तवा. भेटली असती. तथून जालना किती? चार वाजेलोक मी तथी पोचली असती." मग तिची भाषा बदलली. इतक्या वर्षांनी ती तिच्या माहेरची झाली. "म्हणजे मी हे गात होते, तव्हा माझी आई जित्ती होती. माझं नाव घेत होती."

मी मोबाइल पालथा ठेवला.

ती म्हणाली, "बाईचं मला आता काही वाटत नाही. ती तशीच होती. मी फक्त एक धरून राहिले, की घरात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. माहीत असतं तर कुणीतरी सांगितलं असतं. तुम्ही तर सांगितलंच असतं."

मला तेव्हा उठून जाता आलं असतं. तिला काही कळलं नसतं. मोठीमाय गेली होती आणि त्या फोनच्या वेळी तिसरं कुणी तिथं नव्हतं.

मी म्हटलं, "वहिनी, मला माहीत होतं."

तिला आधी समजलं नाही. "काय माहीत होतं?"

"फोन आला तेव्हा मी बाजूला बसले होते. तुमच्या भावाचं सगळं बोलणं मला ऐकू आलं. मोठीमाय म्हणाली सांगू नको, आणि मी सांगितलं नाही. मला गाणं घ्यायचं होतं."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. ओळखीचं माणूस समजून हाक मारावी आणि तोंड वळवल्यावर ते दुसरंच कुणी निघावं, तसं. तिनं मेथीची एक जुडी उचलली, सुतळी गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही मला विचारलं होतं का मी तुम्हाला विचारलं होतं? मशीन चालू झालं का म्हणून?"

"तुम्ही विचारलं होतं."

"आणि तुम्ही हो म्हणलात."

"हो."

ती उठून आत गेली. मी बराच वेळ बसून राहिले. आतून भांड्याचा आवाज आला नाही, रडण्याचा आला नाही. माझ्या पायांवरचं ऊन भिंतीवर चढलं. शेवटी ती बाहेर आली, उभ्या उभ्या बोलली.

"छापा ते गाणं."

"वहिनी, मी ते काढून टाकते. नाही छापत."

"काऊन?" ती एकदम मोठ्यांदा म्हणाली. "तिचं एकलीचं हाय काय ते? माहा आवाज नाही त्यात? छापा. पन खाली लिवा. त्या दिवशी काय झालतं ते सारं लिवा. तिनं काय केलं ते लिवा. अन् तुमी काय केलं तेबी लिवा. मंग ज्याले वाचाचं तो वाचन."

मी तसं लिहिलं. गाण्याखाली दीड पानांची टीप. नावं नाहीत, पण गावात कुणाला कळायचं राहतं? विभागातल्या एका सहकाऱ्यानं टीप काढायला सांगितली. म्हणाला, "मॅडम, लोकगीताच्या पुस्तकात घरगुती भांडणं कशाला? कला वेगळी, माणूस वेगळा." मी त्याला विचारलं, की पाखराची ती ओवी कुठून आली ते तुला सांगू का. सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "तरीपण." पण त्यानं पुढे अडवलं नाही.

पुस्तिका निघाली. दादा माझ्या घरी आला, पुस्तिका टेबलावर आपटली. "मेलेल्या मायची अब्रू काढली तू," म्हणाला. "अन् तिच्याच गान्यावर मोठी झाली." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. वहिनीनंच लिहायला सांगितलं, हे मी त्याला सांगितलं नाही. ते त्याला नंतर घरीच कळलं. त्यावर त्या दोघांत काय बोलणं झालं मला माहीत नाही. तो माझ्याशी अजून तुटक बोलतो.

धाकट्या चुलत बहिणीचा फोन आला. ती लग्न होऊन दूर गेलेली. तिला वहिनीची आई लग्नाच्या वेळेस वारली एवढंच माहीत होतं. फोनवर ती आधी नुसती रडली. मग म्हणाली, "ताई, मी दाराशी उभी होती ना तवा? माय माह्यासाठी गाऊन राह्यली असं मले वाटे. लग्नाचं दुसरं काही आठवत नाही मले, तेवढं आठवते. आता ते कसं आठवू?" ती गाताना तुझ्यासाठीच रडत होती, हे मी सांगितलं. ते खरं आहे. त्यानं तिला बरं वाटलं की आणखी वाईट, कळलं नाही.

वर्गात मी ते गाणं आता मुलामुलींना ऐकवते. आधी गाणं, मग टीप. गाणं संपल्यावर मुली डोळे पुसतात. टीप वाचल्यावर वर्गात कुणी कुणाकडे बघत नाही. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आता हे गाणं आवडलं तर चालते का?" मी तिला म्हटलं, आवडलं तर आवडलं, ते आपल्या हातात नाही. आवडल्यावर आपण काय काय बघायचं टाळतो, तेवढं हातात आहे. हे बोलायला मला फार सोपं गेलं, म्हणून घरी येईपर्यंत मला त्या उत्तराची लाज वाटत राहिली.

वहिनीकडे मी जाते. ती चहा देते, मुलींची खबर सांगते. मोठी आता बुलढाण्याला नर्सिंगला आहे. पूर्वी मी निघाले की ती वेशीपर्यंत सोडायला यायची, चालता चालता बोलायची. आता दारातूनच "या" म्हणते. मागच्या महिन्यात गेले तेव्हा जाताना म्हणाली, "ताई, ते गानं माह्या पोरीच्या फोनमंदी टाका. तिनं मागतलं." मी तिथंच उभं राहून पाठवलं. गेलं का म्हणून तिनं विचारलं. मी गेलं म्हटलं. तिनं मान हलवली आणि वावराकडे निघून गेली.